तात्पुरती जागा

मामांचं दोरखंडाचं दुकान धान्यचौकात होतं. चौक नावालाच, चार गल्ल्या एकमेकींना धडकतात तिथं उरलेली फरसबंद जागा. पत्र्याच्या छपरांची दुकानं इतकी खेटून, की शेजारचा चष्मेवाला शिंकला की मामांनी टांगलेल्या सुतळ्या हलायच्या. धान्य मात्र तिथं कुणी विकताना पाहिलं नव्हतं.

हा चौक नगरपालिका 'पूर्ववत' करणार अशी बातमी आली, तेव्हा पूर्ववत म्हणजे नक्की काय, हे कुणालाच उमगेना. चष्मेवाल्यानं तोडगा काढला. "जुन्या गोष्टींना ते हात लावत नाहीत. आपण जुने आहोत, एवढं लिहून द्यायचं." सगळ्यांनी मामांकडे पाहिलं, कारण मामांची भाची शाळेत इतिहास शिकवायची.

वडील गेल्यावर ती मामांकडेच वाढली होती. काथ्याच्या वेटोळ्यावर बसून तिनं पाढे पाठ केले होते. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. सुट्टीभर ती दफ्तरखान्यात धूळ खात बसली, संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरून म्हाताऱ्यांना बोलतं करत राहिली.

हळूहळू चौक उलगडला. पूर्वी इथं धान्याच्या गाड्या सुटायच्या. मग मोठी आग लागली, मागची अख्खी वस्ती जळाली. बेघर झालेल्यांना पोटापाण्यासाठी चौकात बसायची परवानगी मिळाली. कुणी राखेतून वेचलेले खिळे विकले, कुणी वाकडे पत्रे. मामांच्या आजीनं विहिरीचा दोर विकायला मांडला. घरातून तेवढाच वाचला होता.

"आजीचं लिही हं नक्की," मामा म्हणाले. "उगाच नाही बसलो आम्ही इथं. आम्हाला बसवलंय."

तिनं तसंच लिहिलं. जे सापडलं ते सगळं.

नगरपालिकेतले साहेब सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "आमच्या सल्लागारांनाही इतकं जमलं नाही," असं मनापासून म्हणाले. मग पान उलटून त्यांनी एका ओळीखाली बोट धरलं.

"म्हणजे मूळचा चौक मोकळा होता. आणि परवानगी तात्पुरती होती."

"साहेब, त्या तात्पुरत्यात तीन पिढ्या गेल्या."

"तेच म्हणतोय मी. फार झालं."

त्यानंतर तिनं काय नाही केलं? अर्ज केले, वर्तमानपत्रात लिहिलं, नगरसेवकाच्या दारात तिष्ठत उभी राहिली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण सगळे तिचंच लिखाण तिला दाखवायचे आणि माना डोलवायचे. ती ओळ गाळायला हवी होती का, हे तिनं स्वतःला अनेकदा विचारलं. ओळ खरी होती. गाळली असती तर आजीही गाळावी लागली असती.

पाडकामाच्या सकाळी यंत्र यायच्या आतच मामांनी दुकान उतरवायला घेतलं. परक्यानं हात लावायला नको, म्हणाले. भाची पत्रे धरायला गेली. मामी बाजूला गाठोडी बांधत होती. वर न बघता ती म्हणाली, "कुणाला सांगितलं नसतं, तर कुणाला कळलंही नसतं."

"मीच सांगितलं तिला," मामा म्हणाले.

"तुम्हाला कोण विचारतंय?"

भाचीला वाटलं, मामांनी एकदा तरी आपल्यावर ओरडावं. ते म्हणाले, "पत्रा जपून. कड लागेल हाताला."

दुकानदारांना नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गाळे मिळाले. दोरीच्या तुकड्यासाठी एवढे जिने कोण चढणार? चष्मेवाला गाळा न उघडताच लेकाकडे राहायला निघून गेला. मामा काही महिने तग धरून राहिले, मग गुडघ्यांनी हात टेकले. उरलेला माल घरी आला. खाटेखाली, कपाटावर, दारामागे सगळीकडे दोर. मामी त्या दोरांना अडखळायची आणि पायानं ते बाजूला सारायची.

चौकात बाकं आली, दिवे आले, पितळी फलक आला. त्यावर चौकाचा इतिहास होता, भाचीच्याच शब्दांत. फक्त तो आगीपाशी संपत होता. खाली तिचं नाव. ते तरी काढा, म्हणून ती साहेबांकडे गेली. "नाव काढायला ठराव लागेल," साहेब अवघडून म्हणाले. "आणि चांगलं लिहिलंय की तुम्ही."

एका रविवारी मामा म्हणाले, चौक बघून येऊ. ती टाळत होती, पण गेली. मामांनी फलक सावकाश वाचला. शेवटाशी आले, मागं जाऊन पुन्हा एकदा शेवटाशी आले. आजीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. भाचीच्या नावावरून मात्र अंगठा फिरवला.

"अक्षर ठसठशीत आलंय," ते म्हणाले.

तेवढ्यात मागून एका मुलीनं हाक मारली. तिच्या हातात फोन होता, आणि तिचा मित्र फलकाशेजारी उभा राहायची वाट बघत होता.

"काका, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय."

"हो, हो," मामा म्हणाले, आणि भाचीचा हात धरून बाजूला झाले.