डाव्या डोळ्यावरची बर्फाची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बर्फाची पिशवी आहे. माझ्या अंगावर निळ्या चौकटींचे कापड आहे आणि वर फिरकीचे झाकण. एका कारखान्याच्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडले, तेव्हा गारवा कशाला म्हणतात हेही मला ठाऊक नव्हते. दोन मुलींच्या वडिलांनी मला औषधांच्या दुकानातून घरी आणले. मुलींचे ताप, मुरगळलेले पाय, कपाळावरची टेंगळे, सगळे मी निस्तरले. "ही आपली घरची डॉक्टरीण," असे वडील म्हणत. पुढे मुली मोठ्या झाल्या, वडील गेले, आणि मी कपाटाच्या तळाशी चादरींखाली पडून राहिले.

मग थोरलीच्या पापण्या उतरल्या. ती छापखान्यात मुद्रिते तपासते. वरच्या पापण्या इतक्या लोंबू लागल्या की एका हातात पेन आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी वर धरलेली, असे तिला वाचावे लागे. शेवटी तिने शस्त्रक्रिया करायचे ठरवले. धाकटी घरीच शिवणकाम करते. तिचे तोंड तिच्या मशीनपेक्षा जोरात चालते.

"या वयात चिरफाड कशाला, ताई? लोक म्हणतील, उतारवयात नटायला निघाली!"

थोरलीने ऐकले नाही. शस्त्रक्रिया झाली, त्याच दिवशी ती घरी आली आणि माझी शोधाशोध झाली. डॉक्टरांनी बजावले होते: उशा उंच ठेवा, वाकू नका, थोड्या थोड्या वेळाने हलक्या हाताने बर्फ लावा. फार दुखले किंवा अंधारून आले, तर लगेच फोन करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या मांडीवरून मुद्रितांचा गठ्ठा घसरला. सवयीने ती पटकन वाकली. थोड्याच वेळात डावा डोळा ठणकू लागला. तिने मला वर ठेवले. माझ्याखाली पापणी फुगत चालली होती, दगडासारखी घट्ट होत होती. माझा बर्फ वितळला, पण ठणका कमी होईना.

"ताई, दुखतंय का गं?" धाकटीने मशीनवरूनच विचारले.

"नाही गं. जरा ओढल्यासारखं वाटतंय, इतकंच."

ती खोटे बोलत होती. तिची बोटे माझ्या अंगात रुतली होती. 'मी सांगितलं नव्हतं?' हे वाक्य तिला ऐकायचे नव्हते. मित्रांनो, माझा जीव तीळ तीळ तुटत होता. मला तोंड आहे, पण त्यातून बर्फ आत जातो, शब्द बाहेर येत नाही.

बऱ्याच वेळाने तिने मला बाजूला केले. उजव्या डोळ्यावर ओल्या कापडाची घडी होती. तिने डावी पापणी बोटाने उचलली.

"खिडकी का लावलीस गं?"

मशीन थांबले. "ताई, खिडकी सताड उघडी आहे. ऊन तुझ्या तोंडावर आलंय."

थोरलीने पापणीवरचे बोट काढले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला दिसत नाहीये गं. मघापासून फार दुखतंय. तू बोलशील म्हणून सांगितलं नाही."

फोन लावताना धाकटीचे दोनदा आकडे चुकले. "आहात तशा निघा, एक मिनिट घालवू नका," डॉक्टर म्हणाले. गाडीत थोरलीने एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने बहिणीला धरले होते. "मी का बोलले गं तशी?" धाकटी एकसारखी म्हणत होती. मी केव्हाच पाणी पाणी झाले होते.

डॉक्टरांनी घाईने टाके कापले, डोळ्यामागे साठून नस दाबणारे रक्त बाहेर काढले. "थोडं आधी यायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. आठ दिवस त्या डोळ्यापुढे काळोख होता. मग थोडा उजेड आला, मग खिडकीची चौकट. त्यापुढे काही आले नाही. बारीक अक्षर आता थोरली एकट्या उजव्या डोळ्याने वाचते, आणि दुपारपर्यंत थकते.

माझेही रबर तडकले आहे. म्हणून जाण्यापूर्वी एवढेच विनवते. दुखत असेल तर दुखतंय म्हणा. आणि कुणी "नाही गं" म्हणाले, तरी उठून जवळ जा, एकदा तोंडाकडे नीट पाहा. धाकटीचे मशीन थोरलीच्या पलंगापासून फक्त चार पावलांवर होते.