वरची मूठ

सगुणाबाईंनी फळीवर कोलंबीचे चार वाटे लावले आणि पाचवा, सगळ्यांत मोठा, ओल्या गोणपाटाखाली सरकवला.

"आई, तोही बाहेर ठेवा की. गर्दी आहे आज," समिधा म्हणाली.

"तो बाईचा हाय. ऱ्हाऊ दे."

मागचे तीन रविवार हेच चाललं होतं. बाळकुम नाक्यावर ऊन चढेपर्यंत तो वाटा गोणपाटाखाली पडून राहायचा आणि बाजार उठला की सगुणाबाई तो मुकाट्याने घरी न्यायच्या. बाई, म्हणजे कांताबाई, काही येत नव्हत्या. त्या का येत नाहीत हे अख्ख्या बाजारात एकट्या समिधाला ठाऊक होतं, आणि ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

समिधा सगुणाबाईंची सून. लग्नाआधी ती एका जाहिरात कंपनीत होती. कुठला व्हिडिओ किती लोक बघतात, कुठे थांबतात, कुठून पळतात, याचे आलेख काढायचं तिचं काम. लग्नानंतर तिने तीच विद्या सासूच्या पाटीला लावली. सासूच्या नावाचं पान उघडलं, तिचे व्हिडिओ टाकले, साफ केलेली मासळी टॉवरांमध्ये घरपोच द्यायला सुरुवात केली. आठवड्याला बारा ऑर्डरी यायच्या त्या सहा महिन्यांत सत्तरवर गेल्या. पोरीचं डोकं चालतं, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. फक्त एकदा डोकं चालायला लागलं की ते दुसरं काही चालू देत नाही.

कांताबाई बालवाडीच्या बाई. समिधाच्या नवऱ्याला, मयूरला, पहिली अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे शहाडला राहायला गेल्या, पण रविवारची मासळी सगुणाकडचीच. त्यासाठी दोन गाड्या आणि वर रिक्षा करून यायच्या, आणि आल्या आल्या भांडायला उभ्या राहायच्या. महिन्यापूर्वीचं असंच एक भांडण समिधाने फोनमध्ये घेतलं.

"हा काय वाटा आहे, सगुणा? माझ्या मांजराच्या दाताला पुरणार नाही."

"मंग मांजराला सांग, उपास धर."

"चारशे म्हणे! तीनशेला देतेस तर दे."

"तीनशेत नुस्ता वास घे नि जा! पेन्शन खातंस नि वर माझा जीव पन खातंस?"

रील इथे संपत होती. बाजारात मात्र पुढे बरंच झालं होतं. कांताबाई फणकाऱ्याने पाच पावलं गेल्या, परत आल्या, साडेतीनशेला सौदा पटला. मग सगुणाबाईंनी पिशवीत वाटा ओतला आणि त्यावर कोलंबीची एक भरलेली मूठ टाकली. ती मूठच शंभराची असेल. कांताबाईंनी झोळीतून स्टीलचा डबा काढला. आदल्या रविवारी त्यातून जवळ्याची चटणी गेली होती, आता त्यात सगुणाच्या गुडघ्यांसाठी मेथीचे लाडू होते. ते काढून घेऊन सगुणाबाईंनी घरून आणलेली चटणी भरली आणि डबा परत दिला. अठ्ठावीस वर्षं तो डबा दोघींच्या घरांमध्ये ये-जा करत होता आणि कुठल्याही बाजूने कधी रिकामा गेला नव्हता. घरातलं सगळं संपलं असेल तर निदान चिमूटभर साखर.

हे सगळं धरून व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा झाला होता. सतराव्या सेकंदानंतर लोक टिकत नाहीत, हे समिधाला आलेखांनी शिकवलेलं. तिने सतराव्या सेकंदाला कात्री लावली आणि वर लिहिलं, 'पेन्शनवाल्या आजींना आमच्या आईंचा दणका'.

चार दिवसांत तीन लाख लोकांनी तो पाहिला. सगुणाबाईंनाही तिने दाखवला. त्या आपलाच आवाज ऐकून पोट धरून हसल्या आणि खाडीतल्या निवट्या मासे साफ करायला बसल्या. खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायला त्यांना चष्मा लागायचा, आणि चष्मा कायम घरी. लोकांनी लिहिलं होतं, 'असल्या म्हाताऱ्या मॉलमध्ये गुपचूप पैसे मोजतात.' लिहिलं होतं, 'गरिबाच्या पोटावर पाय देणारी चिंधीचोर.' अशी चार हजार मतं होती. आणि पानाच्या इनबॉक्समध्ये एका मृणालचा निरोप आला होता: 'ही माझी आजी आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे हसतायत. ती खाली उतरत नाही. प्लीज काढा.'

समिधाने तो वाचला. वाचल्याची खूणही तिकडे दिसली असणार. पण त्याच दुपारी जुन्या कंपनीतल्या चिरागचा फोन आला होता. एक मसालेवाला सगुणाबाईंना जाहिरातीत घ्यायला तयार होता, महिनाभर आकडे चढते राहिले तर. आता काढला तर आकडे कोसळतील. दोन दिवस जाऊ देत, समिधाने स्वतःला सांगितलं. दोनाचे आठ झाले, आठाचे वीस. मृणालला तिने साधं उत्तरही दिलं नाही, आणि याची तिला लाज वाटत होती. लाज वाटत असतानाच ती रोज सकाळी उठून आकडा बघत होती.

"आली गो बाय माझी!"

सगुणाबाई ओरडल्या तशी समिधाने मान वर केली. रिक्षातून कांताबाई उतरत होत्या. सगुणाबाईंनी गोणपाट बाजूला सारलं, पदर खोचला आणि भांडणाच्या तयारीने कंबरेवर हात ठेवले.

"केवढ्याला वाटा?" कांताबाईंनी विचारलं.

"चारशे! एक रुपया कमी नाय करनार."

कांताबाईंनी पाकीट उघडलं आणि शंभराच्या चार नोटा फळीवर ठेवल्या.

सगुणाबाईंचे हात कंबरेवरून आपोआप खाली आले. "आगो, काय झालं? बरी नाय काय तू? भाव कर ना."

"नको. तुमचा भाव बरोबरच असतो."

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग वाटा पिशवीत ओतला. सवयीने मूठ भरली आणि हात पुढे नेला, तर कांताबाईंनी पिशवीला गाठ मारलेली.

"नको. चारशेचं मिळालं मला. उगाच कुणाला वाटायला नको, म्हातारी फुकटचं नेते."

"कोनाला वाटंल? हितं कोन हाय?"

समिधाच्या हातातल्या फोनवर कांताबाईंची नजर क्षणभर थांबली आणि निघून गेली.

"मयूर बरा आहे ना गं?" त्यांनी तिला विचारलं.

"हो, बाई."

"सांग त्याला, विचारलं म्हणून."

जाताना त्यांनी झोळीतून स्टीलचा डबा काढून फळीवर ठेवला. रिक्षा थांबवूनच ठेवली होती. ती वळून हायवेच्या दिशेला गेली तरी सगुणाबाईंची मूठ तशीच भरलेली होती. दुसऱ्या हाताने त्यांनी डबा उचलला, अंदाज घेतला आणि अंगठ्याने झाकण उडवलं. डबा घासूनपुसून लख्ख केलेला होता. आत काहीही नव्हतं.

"समिधा," त्या म्हणाल्या. "माझं काय चुकलं गो?"

मग मात्र समिधाला राहवेना. तिने सगळं सांगितलं. लोकांची मतं वाचून दाखवली, मृणालचा निरोप वाचला, तो कधी आला तेही सांगितलं. तिथल्या तिथे रील काढून टाकली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

सगुणाबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मी वर घातलेलं व्हतं ना त्या दिशी? लाडू दिलेन तिनं. ते कुठं गेलं?"

समिधाने फोनमधला मूळ व्हिडिओ काढून त्यांच्यासमोर धरला. सगुणाबाईंनी डोळे बारीक करून तो अख्खा पाहिला. पडद्यावर मूठ पडली, डबा उघडला, दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर रेलून हसल्या.

"ते भांडन किती जनांनी बगितलं?"

"आठ लाखांनी."

"आनि हे नंतरचं?"

"आपण दोघींनी, आई."

सगुणाबाईंनी मान हलवली. फळीसमोर गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यांनी मुठीतली कोलंबी रिकाम्या डब्यात घातली, झाकण दाबून लावलं आणि डबा पाटीतल्या बर्फात खोल खुपसून ठेवला.

"येल ती पुढच्या आयतवारी," त्या म्हणाल्या. "तवा देईन."

कोलंबी आठवडाभर टिकत नाही, हे चाळीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईला सांगायचा समिधाला धीर झाला नाही. तिने डब्यावर अजून थोडा बर्फ लोटला.