जोतीरामचं मागचं चाक

ओगलेवाडीत अर्जुनाच्या येझदीवर मागं जोतीराम दिसला नाही, तर लोक हमखास विचारायचे, "जोडीदार कुठं गेला रं?" बाजार असो, जत्रा असो, कराडला पिक्चर बघायला जायचं असो, गाडी अर्जुनाची आणि मागं बसायचा जोतीराम. अर्जुनाच्या घरचा ऊस होता, ट्रॅक्टर होता, बोलायला तोंड होतं. जोतीरामकडं आई साळूबाई होती आणि एक दुखणं होतं.

शाळेत असताना कालव्यात पोहता पोहता त्याला फिट आली होती. काठावरच्या पोरांना वाटलं, हा मस्करी करतोय. अर्जुनाला तसं वाटलं नाही. त्यानं उडी टाकली, केसाला धरून ओढत त्याला काठावर आणलं, आणि तिथं त्याच्या तोंडाचा फेस स्वतःच्या सदऱ्यानं पुसला. नाकातोंडात पाणी गेलं, एवढंच गावाला कळलं. खरं काय ते साळूबाईला, तिच्या भावाला, आकाराममामाला, आणि अर्जुनाला ठाऊक. साळूबाई तेव्हापासून अर्जुनाला देवमाणूस म्हणायची.

गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या. वर्षांमागून वर्षं गेली, एकदाही आली नाही. जोतीराम कराडला पाण्याच्या मोटारी भरायच्या दुकानात लागला. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. त्याच्या हाताला गुण होता. लांबलांबचे शेतकरी "जोतीराम हाय का?" असं विचारत दुकानात यायचे. आणि ब्याण्णव साली, डॉक्टरला विचारून, त्यानं एक जुनी राजदूत घेतली.

गाडी आली त्या दिवशी अर्जुनानं स्वतः नारळ फोडला. पोरांत उभं राहून तो हसत म्हणाला, "सायेब झालं आमचं जोतीबा." पण त्यानंतर त्याच्या मागची सीट मोकळी राहायला लागली. सकाळी राजदूत फटफट करत दारावरनं जायची, जोतीराम हात वर करायचा, अर्जुनाही करायचा. हात खाली आला की अर्जुना येझदीला उगाच जोरात किक मारायचा. राग म्हणावा तर कशाचा, हे त्याला बायकोलासुद्धा सांगता आलं नसतं.

जोतीरामला कुंडलची मुलगी सांगून आल्याचं तर त्याला न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. दाढी अर्धी झाली होती. संध्याकाळी तो जोतीरामच्या दारात गेला, तर हा पठ्ठ्या राजदूत धुवत होता.

"कुठं दौरा?"

"उद्या कुंडलला जायचं हाय. पोरगी बघायला." जोतीराम लाजला. "आकाराममामा यष्टीनं म्होरं जातोय. मी गाडीवर."

"एकलाच?"

"व्हय. आता गाडी हाय की. तुला कशाला तरास?"

तो सरळ मनानं बोलला होता. अर्जुनालाही ते कळत होतं. तरी ते 'कशाला तरास' त्याच्या कानात घुसलं ते निघेना.

दिवेलागणीला साळूबाई लेकाला घेऊन देवळात गेली. उद्या चांगलं काम होतं, देवापुढं नारळ ठेवायचा होता. अर्जुना मागच्या परड्यातनं आला. पोती शिवायचं दाभण त्याच्या खिशात होतं. चाकाची खालची बाजू जाड असते, म्हणून त्यानं कडेनं, रिमजवळ टायर पातळ होतो तिथं दाभण धरलं आणि तळहातानं दाबलं. हवेचा बारीक आवाज आला. त्यानं अंगठा लावला, तशी हवा अंगठ्याखाली थंड लागली. मग अंगठा काढला. घरी येऊन त्यानं भाकरी खाल्ली आणि त्याला झोपही चांगली लागली.

त्याला एवढंच पाहिजे होतं, की जोतीरामनं आपल्याकडं यावं. तेवढंच.

सकाळी मागचं चाक जमिनीला बसलं होतं. जोतीराम नव्या सदऱ्याच्या बाह्या वर करून पंप मारायला लागला. हवा जेवढी आत जायची तेवढी बाहेर यायची. रविवार होता. गावातला एकुलता एक पंक्चरवाला कुणाच्या लग्नाला गेला होता, दुकानाला कुलूप. गाडी कराडपर्यंत ढकलत न्यायची म्हटलं तर मुलीकडचे लोक वाट बघून कंटाळले असते, आणि मामाला घेऊन यष्टी कधीच निघून गेली होती, दुसरी थेट दुपारी. साळूबाई दारात उभी राहून पदर चावत होती.

"पहिल्यांदाच आसं झालं बग," ती म्हणाली. "चांगलं न्हवं हे."

"आये, चाकातली हवा गेलीया, दुसरं काय न्हाई," जोतीराम म्हणाला. पण त्याच्या सदऱ्यावर काळा डाग पडला होता, आणि तो पुसताना आणखी पसरला होता.

तेवढ्यात येझदीचा आवाज आला. अर्जुना आंघोळ करून, भांग पाडून, जणू दुसरीकडंच निघाला होता.

"काय रं, अजून हितंच?"

"गड्या," जोतीराम पंप सोडून म्हणाला. "नेतोस का मला?"

अर्जुनाच्या अंगावरनं मोरपीस फिरावं तसं झालं. "हे काय इचारनं झालं? चढ." त्यानं स्वतःचा धुतलेला सदरा काढून जोतीरामला घालायला दिला आणि आपण घरी जाऊन दुसरा घालून आला. साळूबाईनं हात जोडले.

शेणोली, ताकारी मागं पडली. दोन्हीकडं ऊस, मधनं रस्ता, आणि मागं नेहमीसारखा जोतीराम. अर्जुना शीळ घालत होता. इथवर त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, ही गोष्ट खरी आहे.

"अर्जुना," मागून जोतीराम कानाशी ओरडला, "मी तिला फिटचं सांगनार हाय."

"काय?"

"सोताच सांगनार. मामाला म्हटलंय, दोन मिनटं पोरीशी बोलायला दे. आधी मला बघू दे, माझ्याशी बोलू दे, मग सांगतो. लपवून लगीन करायचं न्हाई मला. मग न्हाई म्हनाली तर म्हनू दे."

"बरं हाय की," अर्जुना म्हणाला.

कुंडलला मुलीचे वडील कृष्णात नाना, मिलिटरीतनं रिटायर झालेले, ताठ बसून मिशीवर हात फिरवणारे. आकाराममामा आधीच येऊन पान खात बसला होता. सतरंजी, तक्क्या, पोहे. मुलीचं नाव राजनंदिनी. ती आली, पाटावर बसली, विचारलं तेवढं बोलली. मग नानांनी जोतीरामकडं मोर्चा वळवला.

"करंटचं काम तुमचं. भ्या वाटत न्हाई?"

"वाटतं की नाना. ज्याला भ्या वाटत न्हाई, त्यो आमच्या धंद्यात टिकत न्हाई."

नाना हसले. खुशीत येऊन त्यांनी आपल्या विहिरीवरची मोटार सारखी का जळते ते विचारलं. जोतीरामनं पोह्याची बशी खाली ठेवली आणि सांगायला लागला. व्होल्टेज कसं पडतं, मोटार कशी तापते, तापली की वास कसा येतो. गावात चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस हातवारे करून बोलत होता. राजनंदिनीनं एकदा मान वर केली. दोघांची नजर भेटली, आणि तिनं ती लगेच काढून घेतली नाही.

अर्जुना हे बघत होता. त्याला अजून कुणी एक शब्द विचारला नव्हता. अखेर नानांचं लक्ष गेलं.

"आणि तुमी? डायवर का तुमी त्यांचं?"

मामा घाईनं म्हणाला, "न्हाई न्हाई, दोस्त हाय त्येंचा." सगळे हसले. जोतीरामही हसला. त्याच्या हसण्यात खोट नव्हती, पण त्याच्या अंगात अर्जुनाचा सदरा होता, आणि त्या सदऱ्यात तो अर्जुनापेक्षा रुबाबदार दिसत होता.

अर्जुनानं चहाचा कप उचलला. एक घोट घेतला. आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "जोती, गोळी घेतलीस का रं सकाळी? गडबडीत इसरला न्हाईस न्हवं?"

मामाच्या तोंडातलं पान थांबलं.

"कसली गोळी?" नानांनी विचारलं.

"काय न्हाई वो नाना. बारीकशी फिट येती त्याला कवा कवा. पाण्याजवळ, करंटजवळ जपावं लागतं. ल्हानपनी कालव्यात गेलाच हुता, म्या काढला भाईर. म्हनून संगं येतो मी. एकट्याला कसं सोडायचं?"

"नाना, लय वर्षं झाली," जोतीराम म्हणाला. "एकदाबी आली न्हाई. मी सोता सांगनार हुतो, आज..."

ते खरं होतं. पण आता ते पकडल्या गेलेल्या माणसाच्या सबबीसारखं ऐकू आलं, आणि बोलता बोलता ते त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं. तो मधेच थांबला. त्याचे हात थरथरायला लागले होते. दारातल्या बायका त्या हातांकडं बघत होत्या, आता काय होतंय म्हणून. एका म्हातारीनं कडेवरचं पोर आत नेलं.

"आत जा," नाना मुलीला म्हणाले. ती उठली. जाताना तिनं जोतीरामकडं बघितलं नाही, अर्जुनाकडं बघितलं, आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं. पण तिला कोण विचारतंय?

एरवी गाडीवर जोतीरामचा हात अर्जुनाच्या खांद्यावर असायचा. आज परत येताना त्यानं मागं कॅरिअरची सळई घट्ट धरली होती.

कुंडलहून नकार आला. पण नकारावर भागलं नाही. कराडच्या दुकानमालकाचे कुंडलला पाहुणे होते. बातमी फिरत फिरत त्याच्या कानावर आली. मालक घाबरला. उद्या पोरगं मोटारीला चिकटून मेलं तर? त्यानं जोतीरामला करंटपासनं लांब, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जळक्या तारा सोडवायला बसवलं. शेतकरी पुढं येऊन "जोतीराम कुठाय?" विचारायचे आणि तो मागं बसून ते ऐकायचा. थोड्याच दिवसांत त्यानं दुकान सोडलं.

त्यानंतर मग कधीतरी त्यानं राजदूतचं चाक खोललं. सकाळी अर्जुना ट्रॅक्टरला डिझेल घालत असताना तो ट्यूब हातात घेऊन आला.

"दाभण हाय हे."

"काटा गेला आसंल."

"कडेनं काटा जात न्हाई." जोतीरामचा आवाज चढलेला नव्हता. "टायरचं सोड. वाटंत तुला सांगितलं हुतं मी. सोता सांगनार हाय म्हनून."

"मग? तू सांगनार हुतास तेच मी सांगितलं. खोटं बोललो का एक तरी शबूद?"

जोतीरामनं हातातली ट्यूब मुठीत आवळली. मग म्हणाला, "मग कालव्यातनं कशाला काढलंस?"

"तवा कुठं तुझ्याकडं गाडी हुती," अर्जुना म्हणाला, आणि हसला.

मस्करीत तोंडातनं गेलं खरं. पण गेल्यावर त्याला ते आवडलं. डिझेलचं झाकण लावताना त्यानं ते मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. जोतीरामनं ट्यूब तिथंच ट्रॅक्टरच्या चाकापाशी टाकली आणि निघून गेला. आईला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला उरलेला अर्जुनाचा एकमेव आधारच गेला असता, आणि तिच्याकडून तोही काढून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

म्हणूनच तर पुढं दिवाळीच्या आसपास साळूबाई अर्जुनाच्या ओसरीवर येऊन बसली.

"लेकरा, त्यो बोलत न्हाई रं कुनाशी. भिताडाकडं तोंड करून पडतो. कामाला जा म्हटलं तर उठत न्हाई. तुझ्याबिगर त्येला कोन हाय? तू बोल की त्याच्याशी. आन तुझ्या वळखीत एकादी पोरगी बघ. गरिबाची आसली तरी चालंल. अपंग आसली तरी चालंल."

अर्जुनानं मान हलवली. "बघतो की काकू. पर या खेपंला आधीच सगळं सांगून टाकायचं. लपवाछपवी नगं. त्यानंच घात झाला."

"व्हय बाबा. चुकलंच आमचं." तिनं डोळे पुसले. "तू म्हनशील तसं."

ती उठली, त्याच्याजवळ आली, आणि दोन्ही हात त्याच्या तोंडावरनं फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. अर्जुनानं मान खाली वाकवून ते करून घेतलं.