वासराच्या कानातलं रक्त

मला हिवतापाने धरलं तेव्हा माझं दूध आटलं, ते परत आलंच नाही. डब्याचं दूध बाळाला सोसत नसे; पाजलं की ओकायचं आणि मग दिवसभर कण्हायचं. मुरबाडात आमचं बाळ वाढत होतं ते जिवलीच्या तांबू गाईवर. म्हणून भाद्रपदातल्या एका सकाळी जिवली ओसरीवर येऊन टेकली, तेव्हा मी आधी तिच्या हातातल्या चरवीत डोकावले. चरवी रिकामी होती.

“तांबू उभी राहाय नाय,” ती म्हणाली. “अंग तव्यावानी तापलंय. नि मूत बघशील तर पानाच्या पिंकीवानी लाल.”

“अंगावर गोचीड आहेत?”

“गोचीड कुनाच्या ढोराला नाय गो बाय? कानात हायेत, कासेला हायेत. कोंबड्या टिपतात नि पोट भरतात.”

तांबू घाटावरची. जिवलीच्या नवऱ्याने, नवशाने, ती गेल्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत घेतली, गाभण असताना. वासरू इथे झालं. इकडच्या ढोरांना इकडच्या गोचिडांची लहानपणापासून सवय असते. घाटावरच्या गाईला ती नसते. गोचीड चावते, तिच्या तोंडातले जंतू गाईच्या रक्तात उतरतात, लाल कण फोडतात, आणि तो लाल रंग मुतातून बाहेर पडतो. हे मला माहीत होतं, कारण माझे यजमान ढोरांचे डॉक्टर. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली, त्यामुळे लग्नानंतर त्यांच्या तपासणीच्या, रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा रंगवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एका बाजूला लोणच्याची बरणी, दुसऱ्या बाजूला सूक्ष्मदर्शक.

या तापावर एक निळं औषध होतं, शिरेत टोचायचं. दवाखान्यात त्याची एकच बाटली उरली होती. ह्यांचा नियम कडक होता: काचेवर जंतू दिसल्याशिवाय ती फोडायची नाही. दुसऱ्या कुठल्या तापावर त्याचा उपयोग नाही, उलट थकलेलं जनावर त्यानेच जायचं.

हे शेणवे गावाच्या बाजूला फेरीवर गेले होते. बाळाला टाकून मला निघता येईना. मी जिवलीला दोन काचा आणि सुई दिली. कानाच्या टोकाला टोचायचं, थेंब एका काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने पातळ ओढायचा, माशी बसू द्यायची नाही. तिने सगळं नीट ऐकलं. दुपारी काच पानात गुंडाळून घेऊन आली.

“टोचलंस ना नीट?”

“टोचलं की.” ती माझ्याकडे न बघता पाळण्याकडे बघत होती. “हिनं काय घेतलं आज?”

“तांदळाची पेज. अर्धी ओकली.”

मी काच रंगवली, धुतली, वाळवली. एका हाताने पाळण्याची दोरी ओढत दुसऱ्या हाताने काच सरकवत राहिले. लाल कण गोल, शांत, एकाच्याही पोटात काही नाही. डोळे चुरचुरायला लागले तरी बघतच राहिले.

संध्याकाळी हे चिखलाने माखून आले. पाय धुवायच्या आधी मी त्यांना खिडकीशी बसवलं.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

“पण मूत लाल आहे.”

“एखाद्या पाल्यानेही होतं तसं. उद्या जाऊन बघतो.” ते पुढे काही म्हणणार होते, पण भिंतीला टेकल्या टेकल्या त्यांना झोप लागली. मी पाटावर ताट वाढून झाकून ठेवलं.

सकाळी जिवली आली ती वासराला दोरीने ओढत. “आय पाजत नाय त्याला. पेज उरली आसंल तर घाल थोडी.”

मी वासरापुढे पातेलं ठेवलं. ते पेजेत तोंड घालून कान हलवत होतं. उजव्या कानाच्या टोकाला काळं, सुकलेलं रक्त होतं आणि त्यावर माशी.

“हे काय गो, जिवले?”

तिने वासराची दोरी आखडून घेतली.

“काल टोचलंस ते याला?”

“दुभत्या गाईला लोखंड लावत नाय आमी. दूध आटतं.” तिने पदराने माशी हाकलली. “आयचं नि लेकराचं रगत येकच ना. तुला रगतच बघायचं व्हतं.”

“अगं, पण आजारी ती आहे.”

“दूध आटलं आसतं तर तुझ्या पोरीनं काय प्यायचं? मीच इचार करायचा का समदा?”

मला रागावताही येईना. पाळण्यात बाळ मूठ चोखत होतं.

हे मागच्या दारी दात घासत होते. त्यांनी सगळं ऐकलं. चूळ भरून म्हणाले, “दूध आटेल की नाही ते मला सांगता येत नाही, जिवले. गाय मात्र अशीच ठेवली तर जाईल.”

जिवली वासराची पाठ खाजवत राहिली. मग म्हणाली, “टोचा. पन मी बघनार नाय.”

ह्यांनी तांबूच्या कानातलं रक्त आणलं तेव्हा ते पाण्यासारखं पातळ होतं. रंग चढेपर्यंत मी काचेवरून नजर हलवली नाही. मग काचेवर मोठ्या भिंगासाठी लागणारा तेलाचा थेंब टाकून बघितलं, आणि फार शोधावं लागलंच नाही. कणाकणात थेंबाच्या आकाराच्या जंतूंचे जोड, टोकाला टोक लावून बसलेले. मी नुसती बाजूला सरकले. ह्यांनी डोळा लावला, उठले आणि बाटली घेऊन गेले.

तांबू जगली. आधी मूत निवळलं, मग ती चारा हुंगायला लागली, मग उभी राहिली. दूधही आटलं नाही. जिवलीने ते मोठ्या तोऱ्यात आणलं आणि चरवी माझ्यापुढे ठेवली.

दूध निळसर होतं. औषधाचा रंग त्यात उतरला होता.

“किस्नदेवाचं दूध,” जिवली म्हणाली आणि स्वतःच हसली.

मी ह्यांच्याकडे बघितलं.

“मोठ्यांना बाधायचं नाही,” ते म्हणाले. “बाळाला मात्र नको. रंग जाईपर्यंत.”

“कधी जाईल?”

“जाईल.”

मी दारातच बसले. चरवी मांडीशी तशीच भरलेली. आत बाळाने सूर धरला होता. जिवली केव्हा उठून गेली, कळलं नाही.

उन्हं चढल्यावर ती परत आली, शेजारच्या ठकूची शेळी घेऊन. अंगणातच बसून तिने धार काढली आणि वाटी माझ्या हातात दिली. बाळाने ते दूध घेतलं. मी पाठीवर हात ठेवून वाट बघत राहिले. ओकलं नाही. थोड्या वेळाने झोपलं.

मी हळूच अंगणात आले. शेळी खुंट्याशी रवंथ करत होती. मी तिच्या शेजारी उकिडवी बसून तिचा कान उलटा केला.

“हिला तरी सोड गो, बाय,” जिवली मागून म्हणाली.

कानाच्या घडीत गोचीड होती, टम्म फुगलेली. मी ती चिमटीत धरून ओढली आणि दुसरा कान हातात घेतला.