आईच्या बाटलीतला वास

सुगंधी मालाच्या कारखान्यात तो तपासनीस होता. पिंपातून आलेला द्रव शुद्ध आहे की त्यात आणखी काही मिसळलंय, एवढंच त्यानं सांगायचं. थोडासा चंबूत घ्यायचा, तापवायचा आणि तापमापीकडे बघत बसायचं. उकळी फुटल्यावर पारा एका जागी ठाम राहिला तर माल पास. वर सरकत राहिला तर मिश्रण. वास घेणारी माणसं वरच्या मजल्यावर बसत. त्याचं काम आकड्याचं, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बायको गेली ती ध्यानीमनी नसताना. केस विंचरता विंचरता खाली बसली ती उठलीच नाही. भेटायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली, लेकही आपल्या घरी निघाली. जाताना तिनं आतल्या खोलीतल्या आरशापुढची आईची सेंटची बाटली उघडून हुंगली आणि परत जागेवर ठेवली.

"पुढच्या खेपेला नेईन, बाबा. आत्ता इथंच असू दे."

बाटलीवर नाव नव्हतं. तळाशी जेमतेम बोटभर द्रव. एवढ्याशात लेकीचं आणि आपलं कसं भागणार, असं त्याच्या मनानं घेतलं. कुठल्या तापमानाला उकळतो ते कळलं की द्रवाचं नाव कळेल, नाव कळलं की हवा तेवढा मागवता येईल. लेकीला मोठी बाटलीच भरून द्यायची. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला काही करावंसं वाटलं.

सुट्टी बघून तो प्रयोगशाळेत गेला. सगळ्यात लहान चंबू घेतला, तरी त्यालाही अर्धा द्रव पुरेना. मग सगळाच ओतला. रिकामी बाटली सवयीनं धुऊन पालथी घातली. उकळी फुटली, पण पारा थांबेना. त्यानं आच कमी केली, वाट पाहिली. पारा आपला चढतच राहिला. मिश्रण होतं. तिथंच हात आवरायला हवा होता. पण एकेक घटक वेगळा काढला तर ओळखता येईल, असं वाटून तो थंड होऊन येणारे थेंब निरनिराळ्या नळ्यांत धरत गेला. एकीला लिंबाच्या सालीचा वास आला, एकीला लवंगेचा, एकीला नुसताच औषधी. बायकोचा कशालाच नव्हता. घाईघाईनं त्यानं सगळ्या नळ्या पुन्हा एकत्र केल्या. करपल्यासारखा वास आला.

लेक आली तेव्हा त्यानं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "विकतचं नव्हतं ते. तुम्ही नापास केलेल्या मालाच्या नमुन्याच्या कुप्या कोटाच्या खिशात तशाच राहायच्या. कोट धुवायच्या आधी आई त्या काढून त्या बाटलीत ओतायची. म्हणायची, ह्यांच्या खिशातलं आहे, टाकवत नाही."

बायकोनं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"त्यात काय काय होतं, तुला आठवतं?"

तिनं नकारार्थी मान हलवली आणि तिला रडू कोसळलं. तिच्या पाठीवर हात ठेवता ठेवता त्याचाही बांध फुटला.

ती रागावली नाही, हेच त्याला जास्त जड गेलं. पुढंही ती येत राहिली. आली की तडक स्वयंपाकघरात शिरायची, चहा टाकायची, भांडी आवरायची. आतल्या खोलीत मात्र ती कधी गेली नाही.