वर कुणी बोलायचं नाही

बाईंनी पिवळी छत्री डोक्यावर उंच धरली, दोनदा हलवली आणि रस्ता मोकळा असूनही फुटपाथच्या कडेलाच उभ्या राहिल्या. मागे रेंगाळलेले पर्यटक गोळा व्हायला हवेत, असं कारण त्यांनी दिलं. खरं कारण त्यांच्या डाव्या गुडघ्यात होतं. फुटपाथवरून खाली उतरायचं म्हणजे वीतभर अंतर. पण हल्ली तेवढ्यासाठीही मनाची तयारी करावी लागे.

"सगळे आलात ना? चला मंडळी. आता शेवटचा टप्पा, चित्रकाराचं घर."

छत्री खाली आली आणि लगेच तिची काठी झाली. एकोणीस वर्षांत ही त्यांची तिसरी छत्री. आधीच्या दोन नुसत्या दाखवायच्या होत्या. ही लांब दांड्याची, जाड टोकाची, चार दुकानं फिरून निवडलेली. ऑफिसात त्यांनी सांगितलं होतं की उंच छत्री लांबून दिसते. ते कुणालाही पटण्यासारखंच होतं.

दीड तासाची फेरी होती. तरुणपणी चित्रकार चित्रं विकायला बसायचा तो चौक, त्याला रंग उधार देणारं दुकान, त्याला काढून टाकणारी शाळा आणि सरतेशेवटी त्याचं घर. माणूस जगभर गाजलेला, पण एकोणीस वर्षं सकाळ-दुपार बाईंच्या तोंडी राहून राहून तो घरातल्या थोरल्या दिरासारखा झाला होता. सगळ्या खोडी पाठ आणि कौतुक कधीच संपलेलं.

आजच्या मंडळींत अकरा जण होते. एकसारख्या टोप्या घातलेलं एक जोडपं, सारख्या हसणाऱ्या तिघी बहिणी, चौघांचं एक कुटुंब आणि बुटांचं दुकान नुकतंच मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले एक आजोबा. "पन्नास वर्षं लोकांचे पाय पाहिले," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "आता जरा चित्रं पाहावी म्हटलं." अकरावी होती मुख्य कार्यालयातून आलेली तपासनीस. तिशीतली पोरगी, हातात आखलेला कागद.

"मी नुसती मागे मागे येणार," ती सकाळी म्हणाली होती. "माझ्याकडे लक्षच देऊ नका."

असं म्हणणाऱ्या माणसाकडे लक्ष न देणं आजवर कुणाला जमलंय? दीड तास बाईंचा अर्धा जीव त्या कागदात अडकला होता.

गल्लीच्या तोंडाशी बुटवाले आजोबा त्यांच्या बरोबरीनं चालू लागले आणि हळूच म्हणाले, "बाई, उजव्या बुटाची टाच बदलून घ्या. पार गेलीय. डावी मात्र कोरी करकरीत आहे."

"माझं चालणंच तसं आहे हो."

"हं," आजोबा म्हणाले.

घराच्या दारात नेहमीचा पहारेकरी उभा होता. त्यानं बाईंना मान लववून आत घेतलं. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि निजायची खोली. बाईंनी चुलीवरच्या काजळीचा किस्सा सांगितला, पलंग इतका आखूड का याचा सांगितला, बहिणी हसल्या, जोडप्यानं फोटो काढले. तपासनीस कागदावर खुणा करत होती. आणि मग सगळे जिन्यापाशी आले.

अडतीस पायऱ्या. अरुंद, उभ्या, मध्ये टेकायलाही जागा नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी अकराव्या पायरीवर बाईंचा गुडघा दगा देऊन गेला होता. मागे चौदा माणसं, पुढे सत्तावीस पायऱ्या. कठडा घट्ट धरून त्या वळल्या आणि तोंडाला येईल ते बोलून गेल्या: "इथून पुढे कुणी बोलायचं नाही. वर काम चालू असताना एक शब्दही त्याला खपत नसे. म्हणून मीही इथेच थांबते. तुम्ही गुपचूप वर जा, बघा आणि गुपचूप खाली या."

शुद्ध थाप! गडी खरं तर एवढा बोलघेवडा, की चित्रासाठी समोर बसणारी माणसं कानात कापूस घालून येत, असं त्याच्या बहिणीनंच एका पत्रात लिहून ठेवलंय. पण लोकांना ती थाप अशी काही आवडली की विचारू नका. 'वरच्या खोलीतली शांतता जन्मभर लक्षात राहील,' असं कुणीतरी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. मग दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं लिहिलं. ऑफिसानं बाईंची पाठ थोपटली. तेव्हापासून बाई जिन्याच्या पायथ्याशीच.

ही थाप पचवणं भागच होतं. सगळ्या खोल्या दाखवता आल्या पाहिजेत, ही नोकरीची पहिली अट. आणि नोकरी गेली की मागोमाग घर जाणार होतं. म्हणजे घर कुणी काढून घेणार नव्हतं. पायऱ्यांपायी नोकरी गेली हे कळलं की लेक बाईंनाच आपल्याकडे घेऊन जाणार होती. दुसऱ्या मजल्यावर बाई एकट्या राहायच्या, आणि लेकीनं एकदाच, पण डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं, "आई, जिना चढवेनासा झाला की मला सांगायचंस. मी विचारणार नाही. तूच सांगायचंस. मागची खोली आहे आपल्याकडे, इस्त्रीचं टेबल हलवलं की झालं." लेक मायेची, जावई भला. पण स्वतःच्या चहाची वेळ दुसऱ्याला विचारून ठरवायची, ही कल्पनाच बाईंना नकोशी वाटायची. म्हणून घरचा जिना त्या चार ठिकाणी थांबत थांबत चढत आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. लेक दर रविवारी येई, वाटेतच मंडई लागते म्हणून आठवड्याची भाजी घेऊन येई. रोजचा तिचा फोन पूर्वी सहाला यायचा, गेल्या वर्षापासून साडेसहाला येऊ लागला होता. तिच्या कामाच्या वेळा बदलल्या असतील, असं बाईंनी गृहीत धरलं होतं.

"वर गेलात की समोरच्या भिंतीवर आरसा आहे," बाईंनी सुरू केलं. आवाज आपोआप खाली आला. "पुरुषभर उंच. डाव्या कोपऱ्यात, खाली, एक तडा आहे. शेवटी शेवटी चित्राला बसायला त्याच्याकडे कुणी येईना. मग सहा वर्षं याच आरशात बघून तो स्वतःलाच रंगवत राहिला. एकतीस वेळा. एकेकानं आरशासमोर उभं राहा, स्वतःला नीट बघा आणि काही न बोलता खाली या. वर कुणी बोलायचं नाही."

मंडळी वर निघाली. तपासनीस सगळ्यांच्या शेवटी होती. पहिल्या पायरीवर पाय ठेवून ती थबकली.

"तुम्ही नाही येत?"

"मी इथेच थांबते. तशी पद्धत आहे."

ती कागदाकडे बघत वर गेली.

पावलांचा आवाज विरला तशी बाईंनी भिंतीला पाठ टेकली. पहारेकऱ्यानं रोजच्यासारखं आपलं स्टूल जिन्याशी आणून टाकलं आणि हवा कशी आहे ते बघायला दारात गेला. त्याची ही सवयच होती, बसायचं स्टूल वाटेत टाकून भटकायची. पाहुणे असताना वाटाड्यानं बसायचं नाही असा नियम होता. पण पाहुणे वर आणि पहारेकरी दारात, म्हटल्यावर बघणारं होतंच कोण! रोज चार-पाच मिनिटं बाई त्या स्टुलावर टेकत. आज नाही टेकल्या. कंबर मोडून आली होती, पण त्या कागदाची धास्ती कंबरेहून मोठी होती.

आधी बहिणी उतरल्या.

"पाहिलंत स्वतःला?" बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पाहिलं की," थोरली म्हणाली, आणि का कोण जाणे, जाता जाता तिनं बाईंचा दंड हलकेच दाबला. मग कुटुंब आलं, मग टोपीवालं जोडपं. पाहिलं, पाहिलं. पाठोपाठ बुटवाले आजोबा, एकेक पायरी सांभाळत. शेवटच्या पायरीवर ते उभे राहिले.

"पाहिला आरसा?"

त्यांनी खाली बाईंच्या बुटांकडे पाहिलं, मग वर त्यांच्या तोंडाकडे.

"पाहिला."

"आणि तडा?"

"तोही पाहिला. डावीकडे, खाली," आजोबा म्हणाले. "तुम्ही सांगितलात अगदी तसाच." त्यांनी टोपी उचलली, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर पडले.

तपासनीस सगळ्यात शेवटी उतरली. बाहेरचे आवाज लांब जाईपर्यंत ती थांबली.

"बाई, तुम्ही वर शेवटचं कधी गेला होतात?"

"काल," बाई म्हणाल्या. शब्द असा झटकन आला की त्यांच्या त्यांनाच तो खोटा वाटला.

पोरगी चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"आरसा सात आठवड्यांपूर्वीच उतरवलाय," ती म्हणाली. "मागचा पारा सुटत होता, म्हणून दुरुस्तीला पाठवलाय. पाठवायच्या कागदावर सही माझीच आहे. आता तिथे नुसती भिंत आहे आणि भिंतीवर पाटी. चांगल्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आरसा दुरुस्तीसाठी नेला आहे म्हणून."

बाईंच्या डोक्यात आधी नोकरी आली नाही, लेकही आली नाही. आधी माणसं आली. सात आठवडे, दिवसाला दोन फेऱ्या. पाहिलंत स्वतःला? पाहिलं. एक गृहस्थ म्हणाले होते, मी जरा वाळलेलाच दिसलो. एका मुलीनं विचारलं होतं, तडा कशानं गेला, आणि बाईंनी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं होतं! सगळे ती पाटी वाचून, अडतीस पायऱ्या उतरून खाली येत होते आणि छत्रीवर भार देऊन उभ्या असलेल्या बाईंना बघत होते. बाईंना वाटत होतं, आपण जगाला बनवतोय.

धरणीनं पोटात घ्यावं अशी लाज वाटली त्यांना. कानशिलं तापली. आणि त्या लाजेच्या मागोमाग त्या सगळ्या माणसांविषयी माया दाटून आली, तिचं काय करावं ते त्यांना कळेना.

त्यांनी दाराकडे पाहिलं. पहारेकरी हवा बघायची सोडून स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"एका बाजूनं मीच धरला होता उतरवताना. सोमवार होता, तुमची सुट्टी."

"मग बोलला नाहीत ते?"

"काय बोलणार बाई?" तो म्हणाला. "तुम्ही वर जात नाही हे मला ठाऊक आहे, असं तोंडावर सांगायचं होतं का?"

मग त्यानं स्टूल बाईंच्या दिशेनं थोडं आणखी सरकवलं.

पोरीनं कागद पुढे केला. "इथे एक रकाना आहे. सर्व खोल्या दाखवल्या का? मी अजून काही लिहिलेलं नाही." ती घुटमळली. "फेरी फार चांगली झाली, बाई. मी खरंच सांगतेय. तुम्ही सांगा, काय लिहू?"

हो म्हटलं असतं तर पोरीनं हो लिहिलं असतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आणखी एक माणूस 'पाहिलं' म्हणायला तयार उभं होतं.

"नाही लिहा," बाई म्हणाल्या.

"घाई करू नका. विचार करून सांगा."

"दोन वर्षं दुसरं काय केलंय मी? नाही लिहा. मला वर जाववत नाही. गुडघे गेलेत माझे."

तिनं लिहिलं. एका शब्दाला तिनं बराच वेळ लावला. "पुढचं माझ्या हातात नाही," ती म्हणाली. "पण खाली बसून करायचं काही काम असेल तर विचारून बघते. तुम्ही आधी बसा बघू."

आणि बाई बसल्या. नियमाच्या डोळ्यांदेखत, छत्री आडवी मांडीवर घेऊन, दोन्ही पाय लांब करून. मग पर्समधून फोन काढला. आत्ताच सांगितलं पाहिजे, नाहीतर रविवारपर्यंत आपण पुन्हा काहीतरी थाप शोधून काढू, एवढं त्या स्वतःला ओळखून होत्या.

"आई? आत्ता कसा फोन केलास? बरी आहेस ना?"

"बरी आहे गं. ऐक. तू म्हणाली होतीस, मी विचारणार नाही, तूच सांग. म्हणून सांगते." त्यांनी मांडीवरची छत्री सरळ केली. "जिना चढवत नाही मला."

बाईंच्या डोळ्यांसमोर इस्त्रीचं टेबल मागच्या खोलीतून हललं, भिंतीला लागलं.

"माहीत आहे, आई," लेक म्हणाली.

"काय माहीत आहे? कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. सहाला फोन करायचे तेव्हा तू नुकती वर पोचलेली असायचीस. तुला बोलताच यायचं नाही, नुसती धाप ऐकू यायची. म्हणून मग साडेसहाला करायला लागले."

बाईंनी छत्रीची मूठ घट्ट धरली. दारातल्या पहारेकऱ्याला आता खरोखरच हवेत काहीतरी बघण्यासारखं दिसलं असावं, तो पार बाहेर जाऊन उभा राहिला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगणार होतीस ना."

डोळे पुसायला बाईंना रुमाल सापडेना, त्यांनी तळहातानंच पुसले. "आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा आला.

"ते रविवारी बघू. आज एक कर. घरी गेलीस की एकटी चढायला लागू नकोस, खालीच थांब," लेक म्हणाली. "मी सहाला येते. दोघी मिळून चढू. साडेसहापर्यंत वर पोचू."