बारीक रिव्हेट

चूक नकळत झाली असती, तर खुर्चीवाल्याला चारचौघांत मान वर करून हिंडता आलं असतं. माणूस आहे, चुकतो, असं म्हणायला जग तयारच असतं. पण ही चूक त्याच्या चिमटीतून गेली होती. रिव्हेटांची नवी पेटी उघडल्यावर त्यानं एक रिव्हेट उचलून दोन बोटांत फिरवला होता. वीस वर्षं घडीच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या बोटांनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं होतं, की माल बारीक आहे. खुर्चीचे पाय जिथे कात्रीसारखे एकमेकांना छेदतात, तिथे हा रिव्हेट बसतो. सगळा भार त्याच्यावर. तो तुटला, की खुर्ची बसणाऱ्याला विचारत नाही, सरळ मिटते. माल परत पाठवायचा तर आठवडा जाणार होता आणि खुर्च्या शनिवारी द्यायच्या होत्या. "चालून जाईल," असं तो स्वतःशीच म्हणाला आणि पेटी कारागिरांकडे सरकवली.

चाललं नाही. दोन महिन्यांनी एका सोसायटीच्या सभेत चेअरमन 'आपली इमारत भक्कम आहे' असं सांगता सांगता सभासदांच्या डोळ्यांदेखत खुर्चीसकट खाली गेले. हाडबीड मोडलं नाही, पण सभा हसली, आणि चेअरमन माणसाला हसणंच जास्त लागतं. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीचा सांगाडा काखेत मारून कारखान्याच्या दारात हजर. खुर्चीवाला मागच्या खोलीत रंगाच्या डब्यांआड जाऊन उभा राहिला. पंचेचाळिशीचा बाप्या, श्वास रोखून! बाहेर मेहुणा त्यांची समजूत घालत होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आणि धंद्यातला भागीदार. कारखान्यात त्याचं नाव पडलं होतं 'चांगलंच झालं', कारण काहीही बिघडलं तरी तो हेच म्हणे. वीज गेली? चांगलंच झालं, मशीनला विश्रांती. टेम्पो बंद पडला? चांगलंच झालं, भाड्याचा होता. असा माणूस घरात एक असावा. दोन असले तर घर बुडतं.

"दाजी, चांगलंच झालं!" चेअरमन गेल्यावर तो डब्यांआड डोकावून म्हणाला. "आता लोकांची वाट बघायची नाही. त्या खेपेतल्या खुर्च्या ज्यांनी ज्यांनी घेतल्या, त्यांच्या घरी आपणच जायचं. दारात बसून रिव्हेट बदलून द्यायचे, फुकट. लोक नाव काढतील."

"आणि कुणी विचारलं, असं कसं झालं, तर?"

"सांगायचं, माल देणाऱ्यानं फसवलं. खरंच आहे की!"

अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं एकट्या खुर्चीवाल्याला ठाऊक होतं, आणि ते त्यानं मेहुण्यालाही सांगितलं नाही.

यादी एक्केचाळीस घरांची निघाली. पहिलं नाव मावशीचं. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. या नव्या खुर्च्या निघाल्या तेव्हा पहिल्या सहा तिनं हट्टानं घेतल्या, घरातल्या चांगल्या दणकट लाकडी खुर्च्या देऊन टाकल्या, शिवाय आपल्या मजल्यावरच्या बाकी तिन्ही घरांच्या मागे लागून त्यांनाही घ्यायला लावल्या. दुसऱ्याचं ते कार्टं आणि आपला तो बाळ्या, हा तिचा न्याय. तिच्यासमोर उभं राहून 'फसवलं' हा शब्द आपल्या तोंडून निघणार नाही, हे तो ओळखून होता. त्यानं तिचं नाव खोडलं आणि यादीच्या तळाशी लिहिलं.

मावशीनंही त्याला मदतच केली म्हणायची. फोनवर म्हणाली, "माझ्या खुर्च्यांना काय धाड भरलीये? आधी दुसऱ्यांचं बघ." मग म्हणाली, "घरात रंगकाम काढलंय, इतक्यात येऊ नकोस." मग तिला सर्दी झाली, ती म्हणे त्याला लागेल. तीन महिने ती सबबी सांगत राहिली आणि तीन महिने प्रत्येक सबबीगणिक याला हायसं वाटत राहिलं. मावशी आजारी आहे म्हणते आणि भाच्याला बरं वाटतं! याचीही त्याला लाज वाटली, पण उठून जाण्याइतकी नाही.

तिच्या शेजारच्या काकूंकडे मात्र जावंच लागलं. मावशीचं दार दोन हातांवर. यानं चोरासारखा आवाज बेतात ठेवून हातोडी मारली. काकूंनी असं कसं झालं म्हणून विचारलं, तेव्हा पाठ केलेलं वाक्य खालच्या मानेनं म्हटलं, आणि मावशीची घंटी न वाजवता जिना उतरला. हातोडीचा आवाज तिला ऐकू गेला नसेल असं नाही. तीही बाहेर आली नाही.

आणि धंदा? धंद्याला पालवी फुटली. एका घरी रिव्हेट ठोकून उठतोय तोवर बाई म्हणाली, आमचं टेबल डुगडुगतंय, तेवढं बघता का? दुसरीकडे पलंग करकरत होता, तिसरीकडे कपाटाचं दार लोंबत होतं. मोडकं सामान घराघरांत पडून असतं आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही, हे मेहुण्यानं बरोबर हेरलं. घरी येऊन दुरुस्ती, असा फलक लागला. दोन कारागीर वाढले, चार महिन्यांत खुर्च्यांपेक्षा दुरुस्तीचं काम जास्त झालं. प्रत्येक नव्या दारात खुर्चीवाल्याचं कौतुक व्हायचं. "चूक सगळेच करतात हो, पण अशी घरी येऊन कोण निस्तरतो?" लोक म्हणायचे, आणि याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

शेवटी व्यापारी संघाचं बोलावणं आलं. रविवारी भाषण, विषय 'अपयशातून संधी'. मेहुण्यानं भाषण लिहूनही काढलं. त्यातलं तिसरंच वाक्य होतं: 'माल देणाऱ्यानं आम्हाला फसवलं, पण आम्ही खचलो नाही.'

"मावशींनाही फोनवर आमंत्रण दिलंय," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत बसवू."

शुक्रवारी सकाळी खुर्चीवाला हत्यारांची पिशवी घेऊन मावशीचा जिना चढला.

तिनं डाव्या हातानं दार उघडलं. उजव्या हातावर टॉवेल टाकलेला. "अगंबाई, तू!" म्हणाली, आणि तिचा चेहरा आनंदला की धास्तावला, हे त्याला कळलं नाही. रंगकामाचा घरात मागमूस नव्हता. भिंतीशी पाच खुर्च्या मिटून ठेवलेल्या.

"सहावी कुठाय?"

"नेली कुणीतरी. पाणी देते तुला."

तांब्या डाव्या हातात नीट बसेना. सवयीनं उजवा पुढे आला, टॉवेल खाली पडला. मनगट वाकडं जुळलं होतं, बोटं अर्धवट मिटलेली.

"बाथरूममध्ये पाय घसरला रे. मी मेली धांदरट, तुला ठाऊकच आहे."

त्यानं स्वयंपाकघरात डोकावलं. दारामागे सहावी खुर्ची उभी होती. तुटलेल्या रिव्हेटाच्या जागी सुतळी बांधलेली. त्यानं ती बाहेर आणून मध्ये ठेवली.

"कधी?"

मावशीनं खूप वेळ टॉवेलची घडी घातली. "तुझ्या त्या चेअरमनच्या आधी पंधरा दिवस," ती शेवटी म्हणाली. "मीच तिरकी बसले असेन. नवा माल काढलेलास, इतका खुशीत होतास. म्हटलं, कशाला सांगा? खचेल पोरगं."

खुर्चीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातानं त्याला भरवलं होतं, तो हात तो वाकडा करून बसला होता, आणि वर तीच त्याला सावरत होती. इथे 'फसवलं' म्हणणं सोपं होतं. तिनं लगेच विश्वास ठेवला असता.

"मावशी, मला माहीत होतं," तो म्हणाला. "रिव्हेट बारीक आहेत, हे मला पेटी उघडली तेव्हाच कळलं होतं. मी तरी लावले."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पलंगाच्या कडेला टेकली. खुर्च्यांकडे तिनं पाहिलंही नाही.

"मला वाटलं, तुला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून झाकलं मी. डॉक्टरला सांगितलं बाथरूममध्ये पडले. शेजारीपाजारी तेच. तुझ्या बायकोला तेच सांगायचं ठरवून ठेवलं होतं. या वयात खोटं बोलायला शिकले मी, तुझ्यापायी."

"रविवारी सांगतो. सगळ्यांसमोर, भाषणात."

"रविवारी टाळ्या वाजतील," मावशी म्हणाली. "स्टेजवर उभं राहून चूक कबूल केली, की लोक टाळ्याच वाजवतात. तिथे काय ते सांग नंतर. शेजारचं दार जवळ आहे."

त्यानं पिशवी तिथेच ठेवली. तो दोन हातांवरच्या त्या दाराशी गेला. मावशी त्याच्यामागून येऊन आपल्या दारात उभी राहिली. त्यानं काकूंची घंटी वाजवली, आणि दार उघडताच एका दमात बोलून टाकलं, नाहीतर बोलता आलं नसतं.

"काकू, मावशीचा हात माझ्या खुर्चीनं मोडला. खुर्च्या कच्च्या आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. त्या दिवशी तुमच्याकडे मी खोटं बोललो."

काकूंनी त्याच्या खांद्यावरून मावशीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"हाताचं आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "भिंतीतून आवाज आला ना. ती म्हणाली बाथरूम, आम्हीही म्हटलं बाथरूम. मजल्यावरच्या सगळ्यांनी खुर्च्या गुपचूप बाजूला ठेवल्या. तिचं मन मोडू नये म्हणून. तू येऊन ठोकून गेलास, तेव्हा मी सुनेला म्हटलंसुद्धा, बिचारा, त्याला कल्पना तरी आहे का!"

मागे मावशी रडत होती. त्याला वळून बघवलं नाही.

"पण तुला माहीत होतं, हे नव्हतं ठाऊक आम्हाला," काकू म्हणाल्या. "आता तुला काय म्हणायचं, ते तूच सांग."

काकू दारात तशाच उभ्या होत्या. खुर्चीवाला बाजूला सरकला आणि त्यानं मजल्यावरच्या पुढच्या दाराची घंटी दाबली.